रमाबाईंचा देव

पंडिता रमाबाई म्हटलं की बहुतेक जणींना शाळेच्या पुस्तकातलं तेवढंच आठवतं. संस्कृतच्या मोठ्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन, ख्रिस्ती झाल्या, केडगावचं मुक्ती मिशन. चार ओळी आणि एक फोटो, पांढऱ्या साडीतला. त्यातलं 'ख्रिस्ती झाल्या' हे वाक्य आलं की बोलणं तिथंच थांबतं. ज्यांना रमाबाई आवडतात ते हे वाक्य हळूच झाकून पुढे जातात, ज्यांना आवडत नाहीत ते तेवढंच धरून बसतात.

मला मात्र त्यांच्या आयुष्यातलं हेच पान पुन्हा पुन्हा उघडावंसं वाटतं. लहानपणी घरात जो देव मिळाला त्याचं मोठेपणी काय करायचं, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणी स्वतःला विचारतात? सासरचे कुलाचार, वटपौर्णिमा, मार्गशीर्षातले गुरुवार, सगळं चालू असतं. आपण करत असतो. मनापासून मानतो की नाही हे कुणी विचारत नाही आणि आपणही त्या भानगडीत पडत नाही. घरात शांतता राहते ना, मग झालं. रमाबाईंना असली शांतता कधी मानवलीच नाही. आणि गंमत म्हणजे त्यांचं बालपण आपल्या कुणाच्याही बालपणापेक्षा जास्त देवाधर्मात गेलेलं होतं.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडचे चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी पुण्याला रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकायला होते. हे शास्त्रीबुवा दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात जाऊन पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकवत. शिष्य म्हणून अनंतशास्त्रीही बरोबर जायचे. एका बाईच्या तोंडून शुद्ध संस्कृत ऐकलं आणि त्यांच्या मनानं घेतलं की आपल्याही बायकोला शिकवायचं. पहिल्या बायकोच्या वेळी घरच्या वडीलधाऱ्यांनी ते होऊ दिलं नाही. ती वारल्यावर तीर्थयात्रेत गोदावरीकाठी एका ब्राह्मणानं आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊन टाकली. शास्त्रीबुवा तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. त्या काळात यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटलं ते त्यांनी त्या मुलीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं याचं!

शास्त्रीबुवा हटले नाहीत. उडुपीला पंडितांपुढे त्यांनी शास्त्रातलेच आधार काढून दाखवले, की बाईला शिकवणं हे धर्माविरुद्ध नाही. पण गावात राहणं कठीण झालं तेव्हा बायकोला घेऊन ते तुंगा-भद्रेच्या उगमाजवळ गंगामूळच्या घनदाट रानात जाऊन राहिले. वाघ फिरायचे अशा त्या जागी २३ एप्रिल १८५८ ला रमा जन्मली, सगळ्यात धाकटी.

आल्यागेल्या विद्यार्थ्याला, यात्रेकरूला जेवू घालता घालता घरातलं सगळं संपलं. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब जे बाहेर पडलं ते कायमचंच. बाळाला वेताच्या पेटाऱ्यात घालून गड्याच्या डोक्यावर दिलं आणि यात्रा सुरू झाली. पुढची सोळा वर्षं या मुलीला घर असं नव्हतंच. देवळाच्या ओसरीवर बसून वडिलांनी, मग आईनं, मग भावंडांनी पुराण सांगायचं. लोक जे धान्य, पैसा, कापड ठेवतील त्यावर दिवस काढायचा. उरलेलं ब्राह्मणांना दान. उद्यासाठी काही ठेवायचं नाही, कारण उद्याची काळजी देवाला.

रमाला शिकवलं ते आईनं. वडिलांचं वय झालं होतं. दिवसभर चालणं, स्वयंपाक, पुराण, यातून आईला वेळ मिळायचा तो पहाटेचाच. पाखरं जागी व्हायच्या आत लेकीला मांडीशी घेऊन, गालावरून हात फिरवत, झोप उडवायची आणि तोंडी पाठ घ्यायची. भागवताचे हजारो श्लोक या मुलीला असे पाठ झाले. आपल्याकडे मुलांना शुभंकरोती म्हणायला बसवताना किती ओरडावं लागतं! इथे आईच्या कुशीतच अख्खं भागवत. रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यात कितीही उलथापालथ झाली तरी त्या पहाटेबद्दल त्यांनी कधी कडू शब्द लिहिला नाही. आईवडिलांवर राग धरून देव सोडणारी माणसं असतात. त्या त्यातल्या नव्हत्या.

शास्त्रीबुवा तसे कडक सनातनी. सोवळंओवळं, व्रतं, तीर्थं, सगळं काटेकोर. फक्त दोन गोष्टींत ते लोकांचं ऐकत नसत. एक बायकांचं शिक्षण, आणि दुसरं म्हणजे धाकटीचं लग्न त्यांनी लहानपणी लावून दिलं नाही. थोरल्या मुलीच्या लग्नाचं जे झालं त्यानं ते पोळले होते. म्हणून सोळा वर्षांची ब्राह्मणाची मुलगी बिनलग्नाची, असं त्या काळात अशक्य वाटणारं दृश्य या कुटुंबाबरोबर देवळादेवळांतून फिरत होतं.

मग दक्षिणेत दुष्काळ आला. १८७४ ते १८७७ हा सगळा काळ रमाबाईंच्या लिहिण्यात एका भुकेच्या लांबच लांब पट्ट्यासारखा येतो. लोकांकडेच काही नाही तर पुराणिकाला कोण देणार? आधी होता नव्हता तो पैसा देवांना प्रसन्न करण्यात गेला. मग दागिने गेले, भांडीकुंडी गेली. अनुष्ठानं झाली, उपास झाले, देवमूर्तीपुढे दिवसदिवस बसणं झालं. अंगमेहनत करून पोट भरावं हे कुणाला सुचलं नाही. विद्वान ब्राह्मणानं मजुरी करायची नसते आणि भीकही मागायची नसते, असंच सगळे शिकले होते. शेवटी तिरुपतीच्या बाजूच्या रानात सगळे मरायलाच गेले. अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर. म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. सगळ्यांचा निरोप घेतला. धाकट्या लेकीला कुशीत घेऊन त्यांनी सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याचीच राहा, जन्मभर त्याचीच सेवा कर.

हे वाचताना माझ्या पोटात दरवेळी कालवतं. ज्या देवानं या घडीपर्यंत ढुंकून पाहिलेलं नाही, त्याच्या हाती लेक द्यायची! पण त्यांच्याकडे द्यायला दुसरं होतं काय?

ऐन वेळी थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. मी काम करीन, कसलंही करीन, पण जीव द्यायचा नाही, असं त्यानं सांगितलं. जन्मभराचा सोवळेपणा त्या एका क्षणात उतरला म्हणा ना. सगळे रानातून परत फिरले, पण वडिलांच्यात काही उरलं नव्हतं. थोड्याच दिवसांत ते गेले. शेवटी संन्यास घेतला होता म्हणून पुरायचं होतं. मदतीला कुणी नाही. श्रीनिवासनं देह धोतरात गाठोड्यासारखा बांधला आणि पाठीवर घेऊन एकटा दोन मैल गेला.

काही महिन्यांनी रायचूरला आई. ती भुकेनं भ्रमिष्टासारखी अन्न मागत होती. रमा शेजारच्या एका बाईच्या दारात जाऊन उभी राहिली, पण मागायला तोंडच उघडेना. त्या बाईनंच चेहरा ओळखून बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. आईला तो गिळवला नाही. स्मशान तीन मैलांवर. खांदा द्यायला दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले, तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. ती ठेंगणी होती. खांद्यावर तिरडी समपातळीत राहीना म्हणून तिनं आपल्या बाजूचं टोक डोक्यावर घेतलं. मग थोरली बहीणही पटकीनं गेली.

उरले भाऊ आणि बहीण. तरी यात्रा थांबली नाही बरं का. कदाचित आपल्याच हातून काही चुकलं असेल, अजून एखादं तीर्थ राहिलं असेल, असं म्हणून ती दोघं पायी हिंडत राहिली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नाही म्हणून वाळूत थडग्याएवढे खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून झोपली. मूठभर भिजवलेलं धान्य आणि मीठ एवढ्यावर दिवस काढले. हिमालयातल्या एका तळ्यात सात तरंगते डोंगर होते. पुण्यवान माणूस आला की ते डोंगर काठाशी येतात, पापी माणसासाठी हलत नाहीत, अशी ख्याती. पाण्यात उतरायला पुजाऱ्यांची सक्त मनाई, आत मगरी आहेत म्हणून. श्रीनिवास पहाटे कुणी नसताना पोहत गेला. मगरी नव्हत्या. डोंगर म्हणजे तराफ्यावर रचलेली माती, दगड आणि लावलेली झाडं. दक्षिणा मिळाली की माणूस मागून ढकलायचा. दोघांच्या मनात आधीपासून जे कुरतडत होतं त्याला त्या दिवशी आकार आला असावा. अकरा दिवस पाला खाऊन ज्यांची करुणा भाकली त्यांच्याबद्दलचा विश्वास असा थोडा थोडा झिजत गेला. एका रात्रीत काही झालं नाही.

१८७८ ला ही दोघं कलकत्त्याला पोचली आणि चित्रच पालटलं. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हजारो श्लोक म्हणते, म्हणून शहर लोटलं. पंडितांनी परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पडद्यातल्या बायकांना स्त्रीधर्म समजावून सांगा, असं तिला सांगण्यात आलं. म्हणून तिनं, आता त्यांनी म्हणते, धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचायला घेतले. आणि इथेच घोटाळा झाला! एक ग्रंथ दुसऱ्याशी जुळत नव्हता. सगळ्यांचं एकमत होतं ते एकाच बाबतीत, की बाई जातीनंच वाईट आणि नवऱ्याच्या सेवेवाचून तिला गती नाही. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हातात वेद ठेवले. बाईनं वेद वाचायचे नसतात असं लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून त्या आधी दचकल्या. मग वाचले.

आपण ज्याला विश्वास म्हणतो तो बहुतेक वेळा न वाचल्यामुळे टिकलेला असतो, असं मला कधी कधी वाटतं. कुणाला राग येईल, पण वाटतं.

१८८० मध्ये श्रीनिवास ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ते बंगाली, त्यात शूद्र मानल्या गेलेल्या जातीचे. दोघांचाही त्या वेळी कुठल्या धर्मावर विश्वास नव्हता, म्हणून होम नाही आणि चर्चही नाही. सिल्चरला संसार थाटला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचं बंगाली पुस्तक सापडलं. त्या कुतूहलानं वाचायला लागल्या, तिथल्या मिशनऱ्याला प्रश्न विचारायला लागल्या. नवरा मिशन शाळेत शिकलेला, त्याला हे अजिबात आवडलं नाही. हा वाद पुढे कुठे गेला असता कोण जाणे, पण फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं बिपिनबाबूच गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा. कडेवर दहा महिन्यांची पोर.

पुण्याला आल्यावरचं वर्ष आपल्याला बरंचसं माहीत असतं. आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष, मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात ही मागणी. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक विकून त्या १८८३ मध्ये वैद्यकीचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला निघाल्या. कान अधू असल्यामुळे ते शिक्षण झालंच नाही. वॉन्टेज गावात सेंट मेरी द व्हर्जिन या जोगिणींच्या मठात त्या उतरल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. त्यानंतर काही आठवड्यांतच, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी आणि अडीच वर्षांच्या मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला. पुण्यात हलकल्लोळ झाला. एकटी पडलेली बाई, परका देश, परक्यांचं अन्न, म्हणून भुलली, असं पुष्कळांनी म्हटलं.

मला ते पटत नाही, आणि त्याला कारण पुढची तीन वर्षं आहेत. रमाबाईंनी स्वतः सांगितलेलं कारण असं, की लंडनजवळ या जोगिणी 'बिघडलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या बायकांना मायेनं वागवताना त्यांनी पाहिल्या. आपल्या शास्त्रात अशा बाईला जागा नव्हती हे त्यांनी नुकतंच वाचलेलं. नीळकंठशास्त्री गोरे, जे ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोरे झाले होते, त्यांच्याशी पत्रांतून वाद चाललेलाच होता. पण भुललेली बाई भुलल्यावर गप्प बसते. या बाईनं धर्म घेतला आणि दुसऱ्याच दिवसापासून धर्मगुरूंशी भांडायला सुरुवात केली!

मठात त्यांची जबाबदारी सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे होती. रमाबाई त्यांना पत्रात आजीबाई म्हणायच्या, मनोरमेची आजी म्हणून. नात्यात माया होती आणि भांडणंही आजी-सुनेच्या तोडीची. रमाबाईंनी अंडं घातलेला केक किंवा पुडिंग खायचं नाकारलं. शाकाहार त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही. सिस्टरना वाटे, हा जातीचा अहंकार अजून गेलेला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, ती आमच्या लोकांना कुठे कळतात, संस्कृत चालेल की, हाही एक वाद. एक देव तीन रूपांत कसा, ही गोष्ट मला पटवून द्या, पटल्याशिवाय मी म्हणणार नाही. कुमारी मातेच्या पोटी जन्म ही गोष्ट मानलीच पाहिजे का? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत. पुरुषांना त्यांनी शिकवावं की नाही यावर मुंबई-लाहोरचे बिशप हरकत घेतात हे कळल्यावर त्या अशा तापल्या, की हिंदू शास्त्र्यांचं जोखड काढून पाद्र्यांचं मानेवर घ्यायला मी आलेली नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट कळवून टाकलं.

सगळ्यात चटका लावणारा वाद मनोरमेवरून झाला. पोर मठात वाढत होती. जोगिणी तिला प्रार्थना शिकवत, धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करून घेत. रमाबाईंनी हरकत घेतली. ज्या गोष्टी मला स्वतःला अजून पटलेल्या नाहीत त्या माझ्या मुलीच्या तोंडी घालायच्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शिवाय ती मराठी विसरता कामा नये, मडम होता कामा नये. मठाचं म्हणणं होतं, बाप्तिस्मा झालेलं मूल आहे, त्याला धर्म शिकवणं आमचं कर्तव्यच. दोघींना एकमेकींचं पटलं नाही. ज्या मुलीला स्वतःला पहाटे अंधारात मांडीवर बसवून अख्खा धर्म पाजला गेला, ती आता आपल्या पोरीच्या बाबतीत हात आडवा धरत होती. आणि तरीही १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्यावर, तिथं व्याख्यानांच्या धावपळीत मूल सांभाळणं जमेना, म्हणून मनोरमेला त्यांनी पुन्हा त्याच मठात पाठवलं. ही ओढाताण कुठल्या नोकरी करणाऱ्या बाईला समजावून सांगायला नको.

अमेरिकेत दोन-अडीच वर्षं हजारो मैल हिंडून त्यांनी पैसे उभे केले, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. आनंदीबाईंना पदवी मिळाली ती तारीखही ११ मार्चच, १८८६ ची. सदनात कुणाच्या धर्माला हात लावायचा नाही, हा करार होता. ब्राह्मणी स्वयंपाक, ज्या मुलीला जो नेमधर्म पाळायचा तो तिनं पाळावा. रानडे, भांडारकर अशी माणसं सल्लागार. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, इथल्याच. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचं लग्न झालं. धर्म त्यांनी बदलला नाही.

पण बऱ्याच मुलींच्या मनात चलबिचल सुरू झाली होती हे खरं. रमाबाई सकाळी मनोरमेबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. मुली येऊन बसायच्या. १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या स्वतःच्या श्रद्धेतही मोठा बदल झाला होता. आठ वर्षांपूर्वी आपण ख्रिस्ती धर्म घेतला पण ख्रिस्त आपल्याला भेटला नव्हता, तो आत्ता भेटला, असं त्या सांगू लागल्या. आता त्यांचा देव डोक्यातून काळजात उतरला होता म्हणायचं. आणि अशा माणसाला लपवता येत नाही. केसरीनं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही. माझ्या घरात माझी प्रार्थना मी दार लावून का करू? यात चूक काही नाही. हिंदू घरात पूजा दार लावून होत नाही. पण दुसरी बाजूही मला दिसते. बारा-चौदा वर्षांची, डोकं भादरलेली, घरादाराला नकोशी झालेली मुलगी. तिला आयुष्यात पहिल्यांदा माया करणारं एक माणूस भेटलं आहे. ते माणूस ज्या खोलीत डोळे मिटून बसतं, त्या खोलीचं दार नुसतं उघडं कसं असेल? ते ओढून घेणारच. वॉन्टेजच्या आजीबाईंनी मनोरमेबाबत जे केलं, त्यापेक्षा हे किती वेगळं, हा प्रश्न रमाबाईंना कधी छळला असेल का? रानड्यांसारखा सौम्य माणूस बाजूला झाला, तो नुसत्या लोकलाजेनं झाला असेल असं मला वाटत नाही. पालकांना दिलेला शब्द होता.

त्यानंतर आलं ते १८९६-९७ च्या दुष्काळाचं साल. मध्य प्रांतातल्या उपासमारीच्या बातम्या वाचल्यावर रमाबाईंना काय काय आठवलं असेल हे सांगायला नको. त्या स्वतः गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या, कुणीही उचलून कुठेही विकाव्यात अशा पोरी त्यांनी गाड्या भरून आणल्या, पहिल्या खेपांत तीनशेच्या आसपास. केडगावला माळरानावर जमीन घेतलेली होती, तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली माणसं दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरं, छापखाना. वीस वर्षांपूर्वीच्या रानातल्या त्या कुटुंबाला अंगमेहनत माहीत नव्हती म्हणून मरणाच्या दारात जावं लागलं. मुक्तीत प्रत्येक मुलीला हातानं कमवायचा एक तरी धंदा यायलाच हवा हा नियम मला तिथून आलेला वाटतो. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय होती. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली आणि तिनं ती शिकवली.

मुक्तीत मात्र धर्माचा करार नव्हता. इथल्या मुली ख्रिस्ती म्हणूनच वाढल्या. १९०५ मध्ये तर शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं रडत, प्रार्थना करत असल्याच्या बातम्या परदेशापर्यंत गेल्या. आईवडील नसलेल्या, नाव नसलेल्या या पोरींना जगण्याबरोबर एक देवही मिळाला, आणि तो निवडायची वेळ कुणाची आली नाही. जिनं स्वतः एकेक गोष्ट दाताखाली चावून पाहिल्याशिवाय गिळली नाही तिच्याच छपराखाली हे व्हावं! रागावून म्हणत नाही मी. दोन हजार पोरांच्या पोटाला घालणाऱ्या बाईला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. तरी हे पान वाचलं की मी अडते, हेही खरं.

स्वतः त्या मात्र शेवटपर्यंत कुठल्याच पंथाच्या दावणीला बांधल्या गेल्या नाहीत. मिशनऱ्यांनाही त्या तशा अवघडच वाटायच्या. म्हातारपणीची वर्षं त्यांनी एका कामाला दिली. बायबलचं मराठी भाषांतर आधीपासून होतं, पण ते शिकलेल्यांच्या मराठीत. केडगावच्या माळावर राबणाऱ्या बाईला ते कळत नाही, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत सगळं पुन्हा लिहायला बसल्या. संस्कृतची पंडिता, पण जिथं तिथं संस्कृत शब्द काढून साधा शब्द शोधत बसायची.

मनोरमा तोवर बी. ए. झालेली, शारदा सदनची मुख्य, गुलबर्ग्याची शाळाही तिनंच बघितली. जोगिणींच्या मठात, अमेरिकेत, पुण्यात, जिथं ठेवलं तिथं ती राहिली आणि शेवटी आईचाच देव आणि आईचंच काम तिनं आपलं म्हटलं. मनापासून की सवयीनं, कुणी सांगावं? मुक्तीची धुरा तिच्याकडे द्यायची असं रमाबाईंच्या मनात होतं. २४ जुलै १९२१ ला चाळिशीतच ती गेली. रमाबाईंनी त्यानंतरही रोज मुद्रितं तपासायचं सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं. बायबल छापून बाहेर पडायला १९२४ उजाडलं. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं, आणि खिळे जुळवायला होत्या त्या दुष्काळातून आणलेल्या मुली.